पद्मिनीचे पाटे

आमच्या शेडमधले किस्से मी कधी गोळा केले नाहीत, ते आपोआप साचले. दर रविवारी चार-पाच माणसं एका जुन्या गाडीखाली वाकून बसली की काहीतरी घडतंच. घडलं की पुढच्या रविवारी चहासोबत ते पुन्हा निघतं. मग कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीला कोणीतरी कोपर मारतं, "अन्या, ते रफीकभाईच्या कानाचं सांग की!" मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण घरी जाताना वाटतं, ह्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं? म्हणून आज सगळे ओळीनं सांगतो. कुठं हसायचं ते तुमचं तुम्ही बघा.

*

गाडी म्हणजे पद्मिनी. गोल डोळ्यांची, जुनी, छोटी. मालकीण पुष्पाताई भालेराव. एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूच्या सिस्टर, पन्नाशी ओलांडलेली. नोकरी लागल्यावर त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. त्यांच्या गल्लीत गाडी चालवणारी ती पहिली बाई. पुढं स्कूटी आली आणि पद्मिनी गारखेड्यात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, मागच्या सीटवर मांजर व्यालं.

सोसायटीनं ठराव केला, गाडी भंगारात. एका सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला, हूक अडकवला. वॉचमननं ताईंना फोन केला. ताई ड्यूटीवरून निघालेल्या, तशाच पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये रिक्षानं आल्या. कुणाशी काही बोलल्या नाहीत. दार उघडलं, मांजरीला शेजारच्या सीटवर सरकवलं आणि स्टेअरिंगपुढं बसल्या.

चेअरमन म्हणाले, "ताई, ठराव झालाय."

"मग न्या की."

"तुम्ही आधी उतरा ना!"

"उतरत नाय. माझ्यासकट काट्यावर चढवा. भंगारच मोजायचं तर दोघींचं मोजा!"

सगळ्यात आधी भंगारवाल्यानंच हूक काढला. "अम्मा, मेरेकू गुनाह में मत डालो," म्हणाला आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

ताईंनी तिथूनच धाकट्या भावाला, मिलिंदला फोन लावला. मिलिंद टर्नर आहे. कंपनी सोडून त्यानं गारखेड्यातच शेड टाकून स्वतःचं लेथ बसवलंय. ताई म्हणाल्या, "मिलिंद, पद्मिनीला पळवायचीय."

मिलिंद घाबरला. "कुणापासून?"

"कुणापासून काय! शर्यतीत पळवायचीय!"

का, ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. "सगळी नोकरी आयसीयूत गेली. तिथं दार लावलं तरी आवाज होऊ द्यायचा नसतो. एकदा तरी मला धुरळा उडवायचाय."

*

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला, एक मोकळा माळ आहे. तिथं हौशी लोक गाड्या पळवतात. रस्त्यावरची शर्यत नाही ही. मातीत शंकू मांडून वळणं आखायची, एकेकानं एकटंच पळायचं, घड्याळ लावून. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात.

आम्ही पहिल्यांदा तिथं सरावाला गेलो तेव्हा फक्त इंजिन केलं होतं. सगळे नवशिके तेच करतात. खालचं सगळं जुनंच होतं. मागची चाकं तोलणारे पोलादी पाटे थकलेले, सांध्यांतले रबरी बुश दगडासारखे झालेले, शॉकअप रिकामे. ताईंच्या शेजारी दिगंबर बसला. दिगंबर माझा शाळेतला दोस्त. हर्सूलकडं घरची शेती, शहरात ट्रॅक्टरच्या स्पेअरचं दुकान, आणि प्रत्येक गोष्टीत पुढं पुढं करायची सवय.

तिसऱ्या का चौथ्या उजव्या वळणाला पद्मिनी डाव्या अंगावर अशी झुकली, की शेजारचं दार उघडलं आणि दिगंबर बाहेर! गाडी पुढं, हा मागं, मातीत.

ताईंनी वळण पुरं केलं, गाडी थांबवली, काचेतून मान बाहेर काढली. "दिगंबरभाऊ, तुम्ही उतरल्यावर गाडी लई छान वळली बघा!"

आम्ही पोट धरून हसलो. दिगंबरही पडल्या पडल्या हसला. मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना.

तेव्हा मी पुष्पाताईंचा दुसरा चेहरा पाहिला. पळत आल्या, गुडघ्यावर बसल्या. "हलू नका. माझ्याकडं बघा. हळू श्वास घ्या." ओढणी काढून त्याचा हात छातीशी बांधला. खांद्याचं पुढचं हाड मोडलं होतं. दवाखान्यापर्यंत माझ्या गाडीत त्याला धरून बसल्या.

दिगंबरचा हात गळ्यात बांधून त्याला घरी सोडलं आणि ताई थेट शेडमध्ये आल्या. "मिलिंद, इंजिन-बिंजिन राहू दे. खाली जे जे आहे ते सगळं काढ. आन् सीटला पट्टे बसव. पट्ट्याशिवाय आता हिच्यात मंत्री आला तरी बसणार नाय."

त्या दिवसापासून आमचे रविवार गेले.

*

पुढच्या चाकाची गुंडाळलेली स्प्रिंग काढणं हे भीतीचं काम. गाडीचं सगळं वजन पेलत ती चाक धरणाऱ्या दोन लोखंडी हातांमध्ये दाबून बसलेली असते. निसटली तर माणसाचं डोकं फोडेल. मिलिंदनं तिला साखळीनं बांधलं, खाली जॅक लावला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. ताई हलल्या नाहीत.

"तू पण बाहेर."

"मी सिस्टर आहे. काही झालं तर बाहेर राहून काय करू?"

"काही झालं तर, असं म्हणू नको ना!"

"बरं नाय म्हणत. काढ."

आम्ही दाराबाहेर उभे. आत जॅक उतरवल्याचा आवाज, मग साखळीची एक खळखळ, मग काहीच नाही. दिगंबर हात गळ्यात घेऊन आला होता. त्यानं हाक मारली, "झालं का?" उत्तर नाही. पुन्हा हाक. तरी नाही. त्याचा धीर सुटला, एका हातानं दार ढकलून तो आत घुसला. मागून मी.

स्प्रिंग साखळीत सैल पडली होती. बहीण-भाऊ फरशीवर एकमेकांसमोर बसलेले. ताईंनी मिलिंदचं मनगट धरलं होतं. आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "थांबा. ह्याची नाडी स्प्रिंगपेक्षा जोरात उडायलीय."

*

मागचे पाटे आम्ही रफीकभाईंकडं नेले. ट्रकच्या पाट्यांची त्यांची भट्टी आहे. उभा जन्म त्या भट्टीपुढं गेलेला माणूस. पाटा तारेला टांगायचा, छोट्या हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. चांगला पाटा घंटेसारखा घुमतो. आत चीर असेल तर थप्प वाजतो.

रफीकभाईंनी पहिला पाटा ठोकला, मान हलवली. "ये गूंगा है."

मला नीट वाजल्यासारखा वाटला. मी वाळूजला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. चीर शोधायचा लाल रंग आणि पांढरी भुकटी मी सोबत आणली होती. रंग लावला, पुसला, भुकटी मारली. चीर असती तर लाल रेघ उठली असती. काही उठलं नाही.

"भाई, पाटा चांगला आहे."

"तुम्हारा रंग झूठ बोलता."

"तुमचा कान चुकला असेल."

ते एकदम तापले. "मेरा कान? इसी कान की रोटी खाया मैं!" आणि रागाच्या भरात त्यांनी कटर चालवला, पाटा मधोमध कापला. दोन्ही तुकडे आम्ही उजेडात धरले. आतलं पोलाद रव्यासारखं स्वच्छ. चीर कुठंच नाही.

रफीकभाईंनी दुसरा पाटा ठोकला. थांबले. तिसरा ठोकला. मग हातोडी खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

ताई आमच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या, दारातून सगळं बघत होत्या. डबा ठेवून त्या रफीकभाईंच्या मागं गेल्या. डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. ते हलले नाहीत. उजव्या कानाजवळ वाजवली, तेव्हा जरासे दचकले.

ताई वळसा घालून त्यांच्या पुढं आल्या. "भाई, पाटे बोलायलेत. कान कधीपासून गेला?"

भट्टीचा पंखा तेवढा चालू होता.

"साल हो गया, बाजी," ते म्हणाले. "घर में किसीकू नहीं बोला. लोगां क्या बोलते? बहरा पाटेवाला?"

मी हातातली रंगाची बाटली खिशात घातली, का ते मलाही कळलं नाही. ताई म्हणाल्या, "चला," आणि त्यांना स्कूटीवर मागं बसवून कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या.

कानाला मशीन बसल्यावर रफीकभाई शेडवर आले. कापलेल्या पाट्याच्या जागी स्वतः घडवलेला नवा पाटा आणला होता. तो टांगला, ठोकला. डोळे मिटून उभे राहिले. आवाज पार विरून जाईपर्यंत उभे राहिले. आम्हीही.

मग डोळे उघडून म्हणाले, "मेरेकू लगा था, दुनिया चुप हो गई."

कानातलं मशीन जरा सारखं केलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मगर ये अन्या इत्ता बोलता, मालूम नहीं था!"

*

मधे आम्ही एक वेडेपणाही केला. शर्यतीच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या असतात, असं दिगंबरनं मोबाइलवर बघितलं. मग काय, स्प्रिंगा कापल्या, पाटे जास्तीचे घातले, रबराच्या जागी मिलिंदनं कडक प्लास्टिकचे बुश लेथवर काढून बसवले. पद्मिनी खाली बसली, ताठ झाली, दिसायला झकास!

ताई तिला हर्सूलकडं फिरवायला घेऊन गेल्या. मी शेजारी. एका स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं आणि आम्ही मधोमध अडकलो. पुढं जाईना, मागं येईना. मागून बँड लावून वरात येत होती.

वऱ्हाडी आधी चिडले, मग हसले, मग गाडी उचलायला लागले. बँडवाल्यांनीही चाल बदलून जोरात वाजवायला घेतलं. तेवढ्यात घोड्यावरून नवरदेवच खाली उतरला आणि बंपरला हात घातला. म्हाताऱ्या बायका ओरडल्या, "अरे, मधेच उतरू नये! अपशकुन होतो!"

नवरदेव म्हणाला, "होऊ द्या काकू! घोड्याला पण शॉकअप नाहीत. कंबर मोडली माझी!"

त्याच संध्याकाळी मिलिंदनं सगळं परत काढलं, कापलेल्या स्प्रिंगांच्या जागी दुसऱ्या बसवल्या. मातीत पळणाऱ्या गाडीचं चाक खाली-वर जायला मोकळं पाहिजे, आणि गेलेलं चाक उड्या न मारता जागेवर आलं पाहिजे. एवढं साधं आम्हाला एका वरातीनं शिकवलं.

*

पहिल्या शर्यतीत आम्ही पळालोच नाही. तो किस्सा मिलिंदसमोर सांगत नाही मी.

सगळी तयारी झाली होती. दारावर नंबर चिकटवला होता. दिगंबरचं हाड जुळलं होतं, तो नवीन टोपी घालून आला होता. ताईंनी ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मिलिंद गाडीखाली शेवटची नजर टाकायला शिरला. बराच वेळ आत राहिला. बाहेर येऊन चिंधीला हात पुसत म्हणाला, "उद्या जायचं नाय."

"का?"

"पुढच्या हाताला जी पट्टी वेल्ड केली, ती मला पटत नाय."

मी दिवा घेऊन खाली गेलो. रंग लावला, भुकटी मारली. काही नाही. ठोकून बघितली. काही नाही.

दिगंबर भडकला. "अरे, कारण तरी सांगशील!"

"सांगता येत नाय."

ताई शांतपणे म्हणाल्या, "मिलिंद, चूक दाखव मला."

"दिसत नाय ना! दिसली असती तर दुरुस्त केली असती."

ताईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. दिगंबरनं टोपी काढून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिकडं माळावर गाड्या पळाल्या आणि इकडं मिलिंद एकटाच शेडमध्ये. ती पट्टी त्यानं घासून काढली आणि दुसरी बसवली.

काढलेली पट्टी मी कारखान्यात नेली, कापली, तपासली. वेल्डिंग अगदी चांगलं होतं. मला रागच आला. येऊन त्याला सांगितलं, "मिलिंद, त्या पट्टीत काही नव्हतं."

"व्हय का? बरं झालं."

"बरं काय झालं? शर्यत गेली ना!"

तो लेथवर काम करत होता. मशीन बंद केलं. माझ्याकडं वळला. "अन्या, त्या गाडीत माझी बहीण बसती."

मागं पावलं वाजली. ताई दारात उभ्या होत्या, हातात डबा. तेव्हापासून त्या भावाशी बोलत नव्हत्या. आत आल्या आणि डबा लेथवर ठेवला. लेथवर मिलिंद कुणाला पेला ठेवू देत नाही. त्या दिवशी डबा ठेवू दिला. उभ्या उभ्या तिथंच दोघं जेवले.

*

शेवटी पळालो ते उन्हं तापायला लागली तेव्हा. तोच पडेगावचा माळ. पुण्याहून, नाशिकहून गाड्या आलेल्या. आमचा गट जुन्या गाड्यांचा. दोन फेऱ्या, एक सकाळी, एक जेवणानंतर. दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल.

सकाळी ताई पळाल्या आणि आम्ही बघत राहिलो. पद्मिनी वळणात झुकायची, पण आता बेतानं झुकायची. मागची चाकं मातीत जराशी सरकायची आणि जागेवर यायची. खड्ड्यात चाक जायचं, वर गाडी तशीच. मिलिंद पूर्ण वेळ चाकांकडं बघत होता, घड्याळाकडं एकदाही नाही. रफीकभाई पुटपुटत होते, "शाबास, बेटी, शाबास." गाडीला म्हणत होते का ताईंना, कोण जाणे. फेरी संपली तेव्हा गटात ताई पहिल्या! दुसरा पुण्याचा निनाद नावाचा तिशीतला माणूस. तो मागं होता, पण फार मागं नाही.

जेवणानंतर आयोजकांनी शंकू माळाच्या पलीकडच्या अंगाला हलवले. सकाळी तिकडं कुणी गेलं नव्हतं, माती कोरी होती. पहिल्या आलेल्याला पहिला मान, म्हणून ताई आधी सुटल्या. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. मग धुरळ्यानं सगळं झाकून टाकलं. आणि धुरळ्याच्या आतून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग हॉर्न. थोड्या वेळानं परत हॉर्न.

आम्ही धावलो. मिलिंद सगळ्यांच्या पुढं होता.

गाडी दोन शंकूंच्या मधे, नाकासमोर सरळ उभी होती. इंजिन चालू. बंपरपुढं हातभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, एक टिटवी. पंख पसरलेले, चोच उघडी, जिवाच्या आकांतानं ओरडत होती. तिच्या पोटाखालून मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची अंडी दिसत होती.

मार्गावर नजर ठेवणारा मार्शल धापा टाकत आला. "मॅडम, घड्याळ चालू आहे! शंकू पाडून बाजूनं काढा! थोड्याच सेकंदांचा दंड लागेल, तरी तुम्हीच पुढं राहाल!"

ताई हेल्मेटमधून समोर बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. गिअर टाकला आणि गाडी हळूहळू मागं घेतली. पार मागं. ज्या वाटेनं आल्या त्याच वाटेनं सुटायच्या रेषेपर्यंत परत आल्या. मार्शलनं लाल निशाण वर केलं. फेरी बाद.

दिगंबर डोकं धरून मातीत बसला. मिलिंद जिथं गाडी थांबली होती तिथं गेला आणि चाकांचे सरळ उमटलेले ओरखडे बघत नुसता उभा राहिला.

पुढचा नंबर निनादचा होता. तो गाडीतून उतरला, चालत आत गेला, बघून आला. आयोजकांना म्हणाला, "शंकू हलवा." ते म्हणाले, आखलेला मार्ग मधे बदलता येत नाही. "मग मी पळत नाही," म्हणून त्यानं इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्यानंही केलं. मग रांगेतले सगळेच. शेवटी शंकू हलले. ताईंना पुन्हा फेरी द्या, असंही निनाद म्हणाला. पण नियम तो नियम, ते काही झालं नाही. जिंकला निनादच.

परत येताना आम्ही सगळे माझ्या गाडीत. पद्मिनी मागून टेम्पोवर. छावणीचा नाका आला तेव्हा दिगंबरला राहवलं नाही.

"ताई, पाखरू होतं हो ते! हॉर्न दिला की उडतंय!"

"दिला ना," ताई म्हणाल्या. "दोनदा दिला. गाडी जराशी पुढं पण घेतली."

"मग?"

ताईंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला आणि वळून मागच्या टेम्पोवरच्या पद्मिनीकडं बघितलं.

"नाय उठली."